फिलिपिन्सच्या ग्लोरिया अरोयोवर भाषण करायचंय? मग तयारी अशी करा

महिला दिन जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मंडळांत, वाचनालयांत, कॉलेजात भाषणांचा सीझन सुरू होतो आणि विषय ठरलेलेच, जिजाऊ, सावित्रीबाई, कित्तूर चन्नम्मा, फार तर इंदिरा गांधी. वाईट काहीच नाही त्यात, पण ऐकणाऱ्यांना पुढचं वाक्य आधीच पाठ असतं. म्हणून हल्ली जी मुलं विषय विचारायला येतात त्यांना मी सांगते, परदेशातली एखादी राजकारणी बाई घ्या, आणि घराण्यातली घ्या, कारण घराणं म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

फिलिपिन्समध्ये अशा बायका भरपूर. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोसची बायको इमेल्डा घेतली की गाडी तिच्या बुटांच्या जोड्यांवरच अडकते, पुढं जात नाही. कोराझोन अक्विनोची गोष्ट छान आहे, नवऱ्याचा १९८३ ला विमानतळावर खून, १९८६ ला लोक रस्त्यावर, हुकूमशहा पळाला, ही राष्ट्राध्यक्ष झाली, पण ही गोष्ट एका सरळ रेषेत जाते आणि बऱ्याच जणांनी सांगून झालीय. माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंची मुलगी सारा, तिचं प्रकरण अजून चालूच आहे, आज लिहिलेलं महिन्याभरात शिळं. म्हणून माझं मत ग्लोरिया मकापगाल अरोयोला. राष्ट्राध्यक्षाची मुलगी, पुढं स्वतः नऊ वर्षांपेक्षा जास्त राष्ट्राध्यक्ष, मग अटकेत, अटकेत असतानाच निवडून आलेली, सुटल्यावर थेट सभागृहाची सभापती. हिला एका दमात चांगली किंवा वाईट म्हणून मोकळं होता येत नाही, आणि वीस मिनिटं बोलायला तसंच माणूस लागतं.

आधी वंशावळ काढा. मोबाईलवर नको, मोठ्या कागदावर, पेन्सिलीनं. वडील दियोसदादो मकापगाल, पंपांगा प्रांतातल्या लुबाओ गावचे, गरीब घरचे, १९६१ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९६५ ला फर्डिनांड मार्कोसकडून हरले. आई एवांजेलिना, ही दुसरी बायको, पहिली वारल्यावर केलेली, त्यामुळं ग्लोरियाला सावत्र भाऊ-बहीण आहेत आणि त्यातली बहीण सिएलो पुढं पंपांगाची उपराज्यपाल झाली. आता सासर बघा. नवरा मिगेल अरोयो, सगळे माईक म्हणतात, त्याचा आजा होसे मारिया अरोयो जुन्या काळात सिनेटर होता. दीर इग्नासिओ खासदार. थोरला मुलगा मिकी खासदार, धाकटा दातो खासदार, मधली मुलगी लुली. म्हणजे माहेर राजकारणात, सासर राजकारणात, पोरंही राजकारणात. हे सगळं एका कागदावर डोळ्यासमोर असलं की पुढं कोण कुणासाठी खुर्ची सोडतोय ते आपोआप दिसायला लागतं.

नावावरनं नातं ओळखायची तिथं एक सोय आहे, ती शिकून घ्या. त्यांच्याकडं मधलं नाव आईच्या माहेरचं आडनाव असतं, आणि लग्न झालेल्या बाईचं स्वतःच्या माहेरचं आडनाव मध्ये येऊन नवऱ्याचं शेवटी लागतं. त्यामुळं मकापगाल माहेर, अरोयो सासर, दोन्ही घराणी मतपत्रिकेवर एकाच वेळी. कुठल्याही फिलिपिनो नेत्याचं पूर्ण नाव मिळालं की मधला शब्द सोडू नका, निम्मी सोयरीक तिथंच सापडते.

वंशावळ झाली की वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. साल, खुर्ची, आणि खुर्ची कशी मिळाली. पहिले दोन इंटरनेटवर कुठंही मिळतात, तिसरा तुम्हाला स्वतः भरायचाय आणि तुमचं भाषण म्हणजे तो तिसरा रकाना. घराण्यातल्या बाईबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात, नावावर आली की कर्तबगारीवर? या प्रश्नाला उत्तर नसतं, वाद तेवढा होतो. त्यापेक्षा प्रत्येक खुर्चीपुढं लिहा, नेमणूक, निवडणूक, आंदोलन, पोराकडून परत घेतली, असं. मग बघा चित्र किती पालटतं.

ग्लोरियाचा जन्म ५ एप्रिल १९४७ चा. लहानपणी काही वर्षं ती दक्षिणेत इलिगानला आजीकडं राहिली, आणि चौदाव्या वर्षी थेट मलाकान्यांग राजवाड्यात, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या घरात. पण वडील हरल्यावर ही लगेच राजकारणात उतरली असं झालं नाही, हे भाषणात ठासून सांगा कारण लोकांचा समज उलटा असतो. मध्ये वीसेक वर्षं ती शिकत आणि शिकवत होती. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमध्ये दोन वर्षं, तिथं बिल क्लिंटन तिच्या वर्गात होता (हे सांगितलं की हॉलमधले पेंगणारे पण डोळे उघडतात), मग परत येऊन पदवी, १९६८ ला लग्न, तीन पोरं, आणि ती लहान असतानाच अर्थशास्त्रात एमए, १९८५ ला फिलिपिन्स विद्यापीठातनं पीएचडी. आतेनेओ विद्यापीठात ती अर्थशास्त्र शिकवायची आणि तिच्या विद्यार्थ्यांत एक बेनिग्नो अक्विनो तिसरा नावाचा मुलगा होता, कोराझोनचा मुलगा. हे नाव कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

१९८७ ला कोराझोनबाईंनी तिला व्यापार खात्यात घेतलं. तिसऱ्या रकान्यात लिहा, नेमणूक. १९९२ ला सिनेट. तिथली सिनेट म्हणजे आपली राज्यसभा नव्हे, आमदारांनी निवडून द्यायची, पूर्ण देश एकच मतदारसंघ आणि मतदार एकाच वेळी डझनभर नावं निवडतो. त्या साली चोवीस जागा होत्या, पहिल्या बारांना सहा वर्षं आणि उरलेल्यांना तीन, आणि ही आली तेरावी, एका नंबरानं हुकली. म्हणून १९९५ ला परत उभं राहावं लागलं आणि त्या खेपेला देशात पहिली आली, दीड कोटीच्या वर मतं घेऊन.

इथं थांबून एक गोष्ट नीट समजावून सांगा, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आणि भाषणांत कुणी सांगत नाही. २०१० पर्यंत तिथं मतपत्रिकेवर छापील नावांची यादीच नसायची! कोऱ्या ओळी असायच्या आणि मतदार आपल्या हातानं उमेदवाराचं नाव लिहायचा. आता विचार करा, बूथमध्ये उभं राहून बारा सिनेटर, राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, खासदार, राज्यपाल, महापौर, नगरसेवक, सगळी नावं आठवून लिहायची तर माणूस कुठली लिहील? कानावरनं गेलेली. वडिलांच्या काळापासून घरात ऐकलेलं मकापगाल हे आडनाव अशा वेळी काय भावाला पडतं ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडं मशीनवर चिन्ह असतं, बटण दाबायचं. आणि चिन्हाचं महत्त्व बेळगावच्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला अपक्ष म्हणून जे चिन्ह मिळेल ते थोड्या दिवसांत गावोगाव पोचवायची जी धावपळ होते ती आपण बघितलीय. आपल्याकडं चिन्ह हरवलं की मत हरवतं, त्यांच्याकडं नाव आठवलं नाही की मत हरवायचं. ही एक गोष्ट नीट कळली तरी तिथं सिनेमानट आणि घराणी का निवडून येतात ते निम्मं कळतं.

१९९८ ला ती उपराष्ट्राध्यक्ष. तिथं राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची मतं वेगवेगळी पडतात, त्यामुळं वर एका पक्षाचा आणि खाली दुसऱ्या पक्षाचा असं सर्रास होतं. हिच्या जोडीचा उमेदवार होसे दे वेनेसिया पडला, ही मात्र निवडून आली आणि वर बसला जोसेफ एस्ट्राडा, माजी सिनेमानट. त्यानं हिला समाजकल्याण खातं दिलं. मग २००० च्या ऑक्टोबरात एस्ट्राडावर आरोप झाला की हुएतेंग नावाच्या बेकायदा आकडेजुगाराचे पैसे त्याच्याकडं पोचतात (आपल्याकडचा मटका डोळ्यासमोर आणा, फार फरक नाही), तेव्हा हिनं मंत्रिपद सोडलं पण उपराष्ट्राध्यक्षपद सोडलं नाही. हे बारकाईनं सांगा, त्यात तिचं सगळं राजकारण आहे.

२० जानेवारी २००१ चा दिवस भाषणात सावकाश रंगवा. मनिलातल्या एडसा रस्त्यावर चार दिवसांपासून लोक जमलेले, लष्करानं एस्ट्राडाची साथ सोडलेली, आणि दुपारी त्याच रस्त्यावरच्या देवळापाशी, गर्दीसमोर सरन्यायाधीश हिलारिओ दाविदे यांनी ग्लोरियाला शपथ दिली. त्याच दिवशी एस्ट्राडा बायकापोरांसकट राजवाड्याच्या मागच्या बाजूनं बाहेर पडला आणि पासिग नदीतनं होडीनं गेला. तिसऱ्या रकान्यात इथं काय लिहायचं यावर फिलिपिन्समध्ये आजही भांडण होतं. कुणी लिहील जनआंदोलन, कुणी लिहील लष्करानं बसवली. सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. तुम्ही दोन्ही सांगा, आणि हे पण सांगा की त्या दिवशी ती निवडणुकीनं राष्ट्राध्यक्ष झालेली नव्हती.

२००२ च्या ३० डिसेंबरला तिनं जाहीर केलं की पुढची निवडणूक मी लढवणार नाही, आणि पुढच्या ऑक्टोबरात शब्द फिरवला. २००४ ला समोर फर्नांदो पो ज्युनियर, अजून एक सिनेमानट, प्रचंड लोकप्रिय. ही अकरा लाखांहून जास्त मतांनी जिंकली. सेबू प्रांतानं तिला दणकून आघाडी दिली होती, म्हणून भाषण मनिलात केलं आणि शपथ घ्यायला सेबूला गेली. सेबुआनो भाषा तिला येत होती, आजोळच्या काळातली. आपल्याकडं जो उमेदवार सकाळी खानापूरच्या सभेत मराठीत आणि संध्याकाळी बैलहोंगलला कन्नडात बोलतो त्याला पब्लिक कसं डोक्यावर घेतं ते आठवा, मग यात फोड करून सांगण्यासारखं काही उरत नाही.

मग २००५. निवडणूक आयोगाच्या एका अधिकाऱ्याशी मतमोजणीच्या काळात फोनवर झालेलं बोलणं बाहेर आलं, त्यात बाईचा आवाज विचारतोय की आपली दहा लाखांची आघाडी राहील ना. २७ जूनला टीव्हीवर येऊन तिनं कबूल केलं की मी अधिकाऱ्याशी बोलले, ती चूक झाली, माफ करा, पण निकालात ढवळाढवळ केली नाही. ८ जुलैला तिच्या दहा बड्या सहकाऱ्यांनी एकदम राजीनामे दिले. महाभियोग आला, संसदेत पडला.

वादाचे असे भाग बोलताना क्रियापद सांभाळा. ‘तिनं मतं चोरली’ आणि ‘मतं चोरल्याचा आरोप झाला’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि स्पर्धेला बसलेले परीक्षक तेवढ्यावर मार्क कापतात. मी तर मुलांना तीन रंगाचे पेन घ्यायला लावते, आरोप एका रंगात, तिनं स्वतः कबूल केलेलं दुसऱ्या, कोर्टानं सांगितलेलं तिसऱ्या. जिथं रंग मिसळले तिथं वाक्य परत लिहायचं.

कामांबद्दल थोडक्यात. व्हॅट १० वरून १२ टक्के केला, लोकांनी शिव्या घातल्या, तिजोरी सावरली. २००६ ला फाशीची शिक्षा रद्द केली. २००७ ला कायदा करून बऱ्याच सुट्ट्या जवळच्या सोमवारी ढकलल्या म्हणजे लोक फिरायला जातील आणि पैसा फिरेल, आणि गंमत बघा, बापानं १९६२ ला देशाचा स्वातंत्र्यदिनच ४ जुलैवरनं १२ जूनला नेला होता. कॅलेंडरला हात घालायची सवय घरातलीच म्हणायची.

एक जागा मात्र घाईनं उरकू नका. २३ नोव्हेंबर २००९, मगिंदानाओ प्रांत. अंपातुआन नावाचं घराणं तिथं राज्य करायचं, ते ग्लोरियाच्या गोटातलं. त्यांच्याविरुद्ध राज्यपालपदाला उभं राहायचं ठरवलं मंगुदादातु घराण्यातल्या एकानं. धोका माहीत होता, म्हणून त्यानं उमेदवारी अर्ज भरायला बायकोला आणि घरातल्या बायकांना पाठवलं, हिशोब असा की बायकांवर कोण हात टाकणार, सोबत पत्रकार दिले. ५८ माणसं मारून पुरली, त्यातले ३२ पत्रकार आणि मीडियातले लोक. मुख्य आरोपींना शिक्षा झाली ती २०१९ च्या डिसेंबरात. यानंतर तिच्या पक्षानं अंपातुआनांना काढलं आणि तिनं त्या प्रांतात लष्करी कायदा लावला, पण त्यांना एवढं मोठं होऊ कुणी दिलं हा प्रश्न राहतोच. घराण्याचं राजकारण म्हणजे हारतुरे आणि बॅनर एवढंच नाही हे सांगायला याच्यापेक्षा ठोस जागा नाही, आणि महिला दिनाच्या भाषणात तर नाहीच नाही.

आता खुर्चीचा माग. तिथं राष्ट्राध्यक्षाला एकच टर्म, सहा वर्षांची (ग्लोरियाची जास्तीची वर्षं एस्ट्राडाच्या उरलेल्या टर्ममधली). खासदाराला तीन वर्षांची टर्म आणि लागोपाठ तीनच, मग गॅप घ्यावा लागतो. १९८७ ची राज्यघटना तर राजकीय घराण्यांना बंदीच घालायची म्हणते, फक्त पुढं लिहिलंय की ‘कायदा व्याख्या करील तशी’, आणि तो सगळ्यांना लागू होणारा कायदा त्याच घराण्यांनी भरलेल्या संसदेनं केलेला नाही. टर्मची मर्यादा घराणी मोडायला आणली आणि झालं भलतंच, खुर्ची घरातच फिरायला लागली. शक्ती योजनेपासून, म्हणजे बायकांना बस फुकट झाल्यापासून, सीबीटीला, आपल्या बेळगावच्या बसस्टँडला, गाडी लागायच्या आत खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतात की नाही, अगदी तसं. पंपांगाचा दुसरा मतदारसंघ बघा. २००४ पासून मिकी तिथं खासदार. २०१० ला आईची राष्ट्राध्यक्षपदाची मुदत संपली, पोरानं सीट सोडली, आई बसली. मिकी बेकार झाला का? छे. तो एका पार्टी-लिस्टमधनं (दुबळ्या गटांसाठी ठेवलेल्या जागा) संसदेत गेला जी सिक्युरिटी गार्ड आणि रिक्षावाल्यांचं प्रतिनिधित्व करते म्हणे! २०१३, २०१६ ला आईच निवडून आली, २०१९ ला तीन टर्म भरल्या, मिकी परत आला, २०२२ ला तो उठला आणि आई परत. हे बोर्डावर बाण काढून दाखवा, हमखास हशा येतो.

आणि २०१३, २०१६ या दोन्ही वेळी ती कुठं होती? कोठडीत. नोव्हेंबर २०११ ला मानेला पट्टा, व्हीलचेअरवर, परदेशी उपचाराला निघाली होती, सुप्रीम कोर्टानं जायला मोकळीक दिलेली असताना सरकारनं तिला मनिलाच्या विमानतळावरनं परत पाठवलं आणि तीनच दिवसांनी अटक केली. सरकार कुणाचं? कोपऱ्यात लिहून ठेवलेलं नाव काढा, वर्गातल्या त्याच विद्यार्थ्याचं. तिला अडवणारी न्यायमंत्री लैला दे लिमा, जी २०१७ ला पुढच्या सरकारात स्वतः गजाआड गेली. ग्लोरियावर नंतर लॉटरी मंडळाच्या ३६ कोटी ६० लाख पेसोंच्या लुटीचा खटला लागला, तुरुंगाऐवजी सरकारी दवाखान्यात ठेवलं, आणि जुलै २०१६ ला सुप्रीम कोर्टानं ११ विरुद्ध ४ नं पुरावा पुरेसा नाही म्हणून तो काढून टाकला. दोन वर्षांनी, २३ जुलै २०१८, राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंचं वार्षिक भाषण सुरू व्हायच्या आधी खासदारांनी सभापती बदलला. ती व्यासपीठावर चढून शपथ घेतेय आणि माईक बंद, ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही, आणि राष्ट्राध्यक्ष बाहेर खोळंबलेत. त्या सभागृहाची ती पहिली महिला सभापती.

भाषण संपल्यावर प्रश्न येणारच, “म्हणजे आपल्यासारखंच की हो?” याची तयारी करूनच जा. आपल्या जिल्ह्याचा पण तीन रकान्यांचा कागद खिशात असू दे. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी २०२० ला वारले, २०२१ च्या पोटनिवडणुकीत पत्नी मंगला अंगडी खासदार, समोर सतीश जारकीहोळी होते आणि फरक जेमतेम पाच हजारांच्या आसपास. २०२४ ला त्याच सतीश जारकीहोळींची मुलगी प्रियांका चिक्कोडीतनं खासदार, हरले अण्णासाहेब जोल्ले, ज्यांच्या पत्नी शशिकला निपाणीच्या आमदार. बेळगावात लक्ष्मी हेब्बाळकरांचा मुलगा मृणाल हरला, जिंकले जगदीश शेट्टर, अंगडींचे व्याही. एवढं बिनरंगाचं, नुसतं कोण, कुठं, कधी सांगायचं आणि थांबायचं. हॉलमध्ये सगळ्यांचे कार्यकर्ते बसलेले असतात, स्टेजचा मंडप पण त्यातल्याच कुणीतरी दिलेला असतो, टोमणा मारला की तुमची ग्लोरिया राहते बाजूला आणि पुढचा तासभर दुसराच विषय. फरक विचारला तर दोन सांगा, आपल्याकडं टर्मची मर्यादा नाही म्हणून उठून जागा द्यायची गरज पडत नाही, आणि आपल्याकडं तिकीट पक्षाकडून यावं लागतं, तिथं पक्ष कपड्यासारखे बदलतात आणि घराणं तेच राहतं.

उच्चारांची प्रॅक्टिस घरी करा, मकापगालमध्ये जोर शेवटी, मलाकान्यांग तुकडे पाडून म्हणा. वीस मिनिटांत बसवायचं तर बालपणाला दोन मिनिटं, तिसऱ्या रकान्याला दहा, मगिंदानाओला तीन, खुर्चीच्या बाणांना तीन, उरलेली दोन प्रश्नांत जातात. आणि भाषणाच्या आदल्या रात्री एकदा बातम्या बघून घ्या, बाई २०२५ ला पण निवडून आलीय.